वाघमारे डॉक्टरांच्या बाटल्या

वाघमारे डॉक्टर मनातलं बोलायचे ते फक्त उघड्या तोंडाच्या माणसांशी. पेशंट खुर्चीत आडवा झाला, गालात कापसाचे बोळे गेले आणि जिभेवर आरसा टेकला की त्यांचा आवाज सुरू व्हायचा. एरवी ‘बसा’, ‘कुठं दुखतं’, ‘परवा या’ यापलीकडे न जाणारा माणूस. पण समोरच्याला आता उत्तर देता येणार नाही अशी खात्री झाली की ते सगळं सांगत. लातूरला बायको शाळेत शिकवते, तिला बदली मागायची नाही. मुलीचा वर्गात पहिला नंबर आला, ते पत्रातून कळलं, आणि पत्र यायला नऊ दिवस लागले. आपण धारूरला दोन वर्षांसाठी आलो होतो. दर महिन्याला लातूरला जायचो, आता सणासुदीला जातो.

हे सगळं मला पडद्याच्या अलीकडून ऐकू यायचं. एकदा एक गुरुजी दाढ काढून बाहेर आले, रुमालाने गाल दाबत माझ्या टेबलाशी थांबले आणि म्हणाले, “डॉक्टरच्या पोरीचा पैला नंबर आला म्हनं. मला काय करायचंय, बाई? पर सांगताना त्यांच्या डोळ्यात पानी आलं. का माझ्याच आलं, दाढंनं, कुनाला ठावं.”

मी तेव्हा एकवीस वर्षांची होते. बाबांचं धारूरच्या पेठेत किराणा आणि जनरल स्टोअर. त्यांनी मला पाचवीपासून औरंगाबादला हॉस्टेलवर ठेवून इंग्रजी शाळेत शिकवलं. बी.एस्सी. होऊन मी परत आले तेव्हा गावात मला कुणाशी बोलताच येईना. माझं इंग्रजी तिथे कुणाला नको होतं आणि माझं मराठी ऐकून चुलतबहिणी पदराआड हसत. मी मुळातच कमी बोलणारी, ती आणखी कमी बोलू लागले. बाबांचा एक दात डॉक्टरांनी वाचवला होता. त्या ओळखीवर बाबा त्यांना म्हणाले, “पोरगी घरी बसून हाय. इंग्रजी चांगलं हाय तिचं. स्थळं बघतोय, तवर येऊ द्या का?” डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, म्हणजे माझ्या हिरड्यांकडे पाहिलं, आणि म्हणाले, “उद्यापासून या, ताई.” निम्म्या वयाची होते मी त्यांच्या, पण त्यांनी मला शेवटपर्यंत ‘ताई’ आणि ‘तुम्ही’ म्हटलं.

माणसाच्या हिरड्या बघायची त्यांची खोड गावाला माहीत होती. रस्त्यात ते समोरून आले की लोक तोंड मिटून हसायचे. अंगाने किडकिडीत, पांढरा शर्ट, उन्हाळ्यातसुद्धा बाह्यांची बटणं लावलेली, आणि जवळून गेले की लवंगतेलाचा वास. दवाखान्याच्या खोलीत भिंतीवर बुद्धाचं कॅलेंडर आणि त्याखाली एक जुना फ्रिज, लाइट गेले की तो अंग झटकल्यासारखा थरथरून बंद पडायचा. लाइट रोज जायचे. त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं: “दात ओरडतो. हिरडी ओरडत नाही.” दात दुखला की माणूस धावत येतो. हिरडी आतून झिजत राहते, रक्त येतं, माणूस थुंकून टाकतो, आणि एक दिवस भाकरीच्या तुकड्याबरोबर दातच हातात येतो.

मला त्यांनी ठेवलं ते बाटल्यांसाठी. हे मला समजलं तेही पडद्याअलीकडूनच. खुर्चीत एक अडत दुकानदार होते. तोंड अजून मोकळं होतं, म्हणून विचारत होते, “डॉक्टर, गावात बोलत्यात, तुमी थुंकी गोळा करनार म्हनून. थुंकीत काय सोनं निघतं का?”

“तुमच्या थुंकीत निघालं तर निम्मं तुमचं,” डॉक्टर म्हणाले. “आ करा.”

मग कापूस गेला, आणि ते बोलू लागले. “शेठ, आपल्या अंगात राखणदार पेशी असतात. त्यांच्या अंगावर बारीक बारीक कान असतात असं समजा. जंतू आला की कानाला चाहूल लागते आणि पेशी लढायला उठते. हिरडीत जंतू ठाण मांडून बसले की ही लढाई वर्षानुवर्षं चालते. तुम्हाला दुखत नाही, म्हणून पत्ता लागत नाही. पण लढता लढता ते कान तुटतात आणि थुंकीत उतरतात. ते मोजता आले, तर दात हलायच्या कितीतरी आधी सांगता येईल, की बाबा रे, तुझ्या हिरडीत काहीतरी चाललंय. सुई नको, चिरफाड नको. माणसानं नुसतं थुंकायचं.”

मला रिसेप्टर हा शब्द माहीत होता. आमच्या पुस्तकात त्याचं चित्र कुलपासारखं काढलेलं असायचं. त्याला कान म्हणता येतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

डॉक्टरांचे जुने सर पुण्याला होते. त्यांच्या ओळखीच्या एका प्रयोगशाळेत हे कान मोजायची सोय होती. सर पुढच्या उन्हाळ्यात निवृत्त होणार होते. त्यांनी कळवलं होतं की तोवर जेवढ्या बाटल्या आणशील तेवढ्या मोजून देतो, नंतर माझ्या हातात काही नाही. ज्यांच्या हिरड्या खराब आणि ज्यांच्या बऱ्या, अशा दोन्हींची थुंकी हवी होती. डॉक्टरांनी ठरवलं, आपल्या गावच्या बायकांची आणायची. त्यांचं गाव डोंगराखाली, धारूरपासून तासाभराच्या वाटेवर. तिथल्या बायका मिश्री लावायच्या. तंबाखू भाजून केलेली ती काळी पूड हिरडीवर घासली की हिरडी बधिर होते. तिथे चाळिशीतल्या बाईला दात नसणं कुणाला नवल वाटायचं नाही.

माझं काम बाटल्यांवर नंबर घालणं, वहीत नाव, वय, हिरडीची अवस्था लिहिणं, आणि सरांना जाणारी इंग्रजी पत्रं नीट करणं. डॉक्टर कच्चं लिहून द्यायचे, मी दुरुस्त करायचे, ते वाचून “हं” म्हणायचे. एवढंच आमचं बोलणं.

दुपारी मी घरी जेवायला जायचे. आई मला दारातूनच मोरीत पाठवायची. दवाखान्यातून आली, अंघोळ कर. मी स्वतःला सांगायचे, जंतूंमुळे. गावातल्या दुसऱ्या डॉक्टरांकडे आमची शेजारीण कामाला होती. ती परस्पर स्वयंपाकघरात जायची, हे मला दिसत होतं. तरी मी अंघोळ करायचे आणि चार वाजता ओल्या केसांनी परत जायचे. एक दिवस डॉक्टर आरसा पुसता पुसता, माझ्याकडे न बघता म्हणाले, “केस वाळवून येत जा, ताई. सर्दी होईल. मी काही उशीर झाला म्हणणार नाही.”

त्यानंतर मी केस वाळवून जाऊ लागले. अंघोळ मात्र चालूच राहिली.

त्यांची आई, सरूबाई, आठवड्याच्या बाजाराला यायच्या. गावातलं घर सोडून लेकाकडे राहायला त्या तयार नव्हत्या. दवाखान्यात आल्या की फरशीवर बसायच्या. डॉक्टर म्हणायचे, “बाकावर बस.” त्या म्हणायच्या, “हितं बरं हाय. गार लागतंय.” दर वेळी हेच.

रिकाम्या बाटल्यांचं खोकं आलं त्या दिवशी त्या होत्या. एक बाटली उचलून त्यांनी उजेडात धरली.

“कशाच्या रं ह्या?”

“थुंकी घ्यायची हाय, आई. गावातल्या बायांची.” आईशी बोलताना डॉक्टरांची भाषा गावाकडं वळायची.

सरूबाईंनी बाटली खाली ठेवली. “माझी आजी सांगायची. तिच्या आजीनं तिला सांगितल्यालं. आपल्या मानसांच्या गळ्यात मडकं आसायचं. थुंकायचं तर त्या मडक्यात. भुईवर पडली तर भुई बाटायची. आन् तू येवढं शिकून लोकांची थुंकी हातात धरनार व्हय?”

डॉक्टर आरसा पुसत होते. पुसून झालेला आरसा त्यांनी पुन्हा पुसायला घेतला.

“मडक्यात आपली होती, आई. बाटलीत त्यांची हाय.”

“मंग लई फरक हाय का?”

मी वहीत मान घातली होती. डॉक्टरांनी एक बाटली उघडली आणि आईसमोर उकिडवे बसले. “पहिली तू दे.”

“माझी कशाला? दात कुठं हायत मला?”

“म्हणूनच पाहिजे. तुझ्या हिरडीतली लढाई संपली. तुझ्यात कान सापडले तर थोडेच सापडतील. बाकीच्यांचे किती जास्त, ते तुझ्यावरून कळंल.”

“हरून संपली म्हन की,” सरूबाई म्हणाल्या. चाळिशीच्या आत त्यांचे सगळे दात गेले होते, आणि तेव्हा डॉक्टर दातांच्याच कॉलेजात शिकत होते. हे मी पडद्याअलीकडून ऐकलं होतं. सरूबाईंनी बाटली घेतली, निवांत थुंकल्या, पदराने ओठ पुसले. “घे. चावून चावून घास भरवला म्या तुझ्या तोंडात. तुला माझ्या थुंकीची कसली आलीया नवलाई.”

मी बाटलीवर एक हा नंबर घातला. थुंकी गढूळ होती, भाताच्या पेजेसारखी.

गावातल्या बायका यायला तयार कशा झाल्या ते डॉक्टरांनी एका कंडक्टरच्या उघड्या तोंडाला सांगितलं. ते गावात गेले आणि पाटलांच्या दारात उभे राहिले. तिथल्या थोरल्या बाई म्हणजे गयाबाई. सरूबाई त्यांच्या शेतात खुरपायला जायच्या. तहान लागली की ओंजळ करायची, आणि गयाबाई वरून पाणी ओतायच्या, तांब्या ओंजळीला लागू न देता. लहानपणी डॉक्टर आईच्या शेजारी ओंजळ धरून उभे राहायचे. आता त्याच गयाबाईंचे पुढचे दोन हलते दात त्यांनी बांधून वाचवले होते. गयाबाईंनी त्यांना अंगणात खुर्ची दिली. म्हणाल्या, “मी येते. मी आले की बाकीच्या येतील.” डॉक्टरांनी सगळ्या बायकांना बजावलं, सकाळी पारोशा तोंडानं यायचं. चूळ न्हाई, मिश्री न्हाई, चहा न्हाई. बायका हसल्या. गयाबाई म्हणाल्या, “बरं, बरं.”

कंडक्टर तोंडात बोळे घेऊन “अं” म्हणाला.

बाजाराच्या दिवशी मी सात वाजता दवाखाना उघडायचे. डॉक्टर साडेसातला बर्फ घेऊन यायचे. पहिल्या बाजारी मी मागच्या बाजूने गेले, तर लिंबाखालच्या रांजणाशी आठ-दहा बायका उभ्या होत्या. पदर खोचलेले. मधे गयाबाई, हातात पितळी तांब्या, आणि त्यात त्या तुरटीचा खडा फिरवत होत्या. एकेकीच्या हातावर पाणी घालत होत्या, आणि एकेक जण खळखळून चूळ भरत होती. जमिनीवर काळ्या पाण्याचे ओघळ गेले होते. चूळ झाली की तोंडात लवंग.

गयाबाईंनी मला पाहिलं. “कुनाची गं तू?”

मी बाबांचं नाव सांगितलं.

“दुकानदाराची व्हय. हे बघ पोरी, डॉक्टरला सांगू नको. पारोशा तोंडाची घान द्यायची का येवढ्या मोठ्या मानसाच्या हातात? आमाला काय रीत न्हाई का?”

मी मान हलवली. कुणी काही सांगितलं की मी मान हलवते, ही माझी जुनी सवय.

बाटल्या भरल्या. सगळ्या नितळ. डॉक्टर एकेक बाटली खिडकीशी धरून बघत होते. “मिश्रीचा कणसुद्धा नाही, ताई. खरंच पाळलं बायांनी.” त्यांना इतकं खूश मी पाहिलं नव्हतं. आणि मला माहीत होतं. माहीत नव्हतं असं मला म्हणता येणार नाही. तुरटी फिरवली की पाण्यातला गाळ खाली बसतो हे आमच्या घरात मोलकरणीलाही ठाऊक होतं. कॉलेजात तर मी स्वतः परीक्षानळीत तुरटीने प्रथिनांचा साका तळाशी बसताना पाहिला होता, आणि डॉक्टरांचे ते कान म्हणजे प्रथिनंच. पण गयाबाईंनी सांगू नको म्हटलं होतं. शिवाय मला वाटलं, साधी चूळ तर आहे. आणि डॉक्टर खिडकीशी उभे होते, बाटलीतून उजेड त्यांच्या चेहऱ्यावर पडला होता. दुसऱ्या बाजारी सांगायचं ठरवलं, तर आधीच्या बाटल्यांचं काय हा प्रश्न आला. तिसऱ्या बाजारी तो प्रश्न आणखी मोठा झाला होता. चौथ्या बाजारी मी मुद्दाम पुढच्या दाराने गेले, म्हणजे रांजण दिसू नये. खळखळ ऐकू आलीच.

बाटल्या पुण्याला गेल्या त्या दिवशी डॉक्टरांनी नवी चप्पल घातली होती. मोठ्या तोंडाच्या थर्मासमध्ये बर्फ आणि मीठ भरून, त्यात बाटल्या उभ्या करून, त्यांनी थर्मास मांडीवर घेतला आणि पहाटेच्या एसटीत बसले. बाबा मालासाठी त्याच गाडीने अहमदनगरपर्यंत गेले होते. संध्याकाळी घरी म्हणाले, “त्यानं ते भांडं एकदा खाली ठेवलं न्हाई. कंडक्टर म्हणला, लेकरू हाय का त्यात? डॉक्टर म्हणला, व्हय.”

उत्तर यायला दोन महिने लागले. तोवर डॉक्टर रोज पोस्टमनच्या वेळेला दारात यायचे आणि समोरच्या दुकानाकडे बघत उभे राहायचे. त्या दिवसांत पेठेत एकेक नवं दिसू लागलं होतं. पानपट्टीवर गुटख्याच्या चकचकीत पुड्यांच्या माळा लटकल्या होत्या. बाबांच्या दुकानातून मिश्रीच्या तंबाखूचे डबे मागे गेले होते आणि पुढच्या फळीवर टूथपेस्टची रांग लागली होती. बाबा म्हणायचे, “आता समद्याला फेस पायजे.” डॉक्टर त्या पुड्यांच्या माळांकडे बघून म्हणाले, “मिश्री तरी घरात भाजायला लागायची.” मला म्हणाले की स्वतःशीच, ते कळलं नाही.

पत्र इंग्रजीत होतं, म्हणून आधी माझ्या हातात आलं. सरांनी लिहिलं होतं की बाटल्यांमध्ये मोजण्यासारखं जवळजवळ काहीच मिळालं नाही. एक नंबरच्या बाटलीत, दात नसलेल्या बाईच्या, जेवढं असायला हवं तेवढं आहे. बाकी साऱ्या तिच्याहूनही खाली. खराब हिरड्यांच्याही, बऱ्या हिरड्यांच्याही. नमुन्यात काही मिसळलं असावं. मी या महिन्यात माझी खोली रिकामी करतो आहे, तेव्हा पुन्हा करता येणार नाही याचं वाईट वाटतं. तुझा प्रयत्न चांगला होता.

डॉक्टरांनी पत्र दोनदा वाचलं आणि पेशंटच्या खुर्चीत बसले. त्या खुर्चीत मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं. मान मागे टेकवून ते छताकडे बघत राहिले.

“आईची तेवढी नीट आली,” ते म्हणाले. “ताई, तुम्ही सकाळी उघडायला यायच्या. चूळ भरताना पाहिलं कुणाला?”

“हो.”

“किती जणी?”

“सगळ्या. तुरटीच्या पाण्याने.”

“कोणत्या बाजारी?”

“चारही.”

लाइट गेले. फ्रिज थरथरला आणि थांबला. पंख्याची पाती हळूहळू एकेक दिसू लागली. त्यांनी मला ओरडावं म्हणून मी थांबले होते.

“तुरटी,” ते म्हणाले. “सगळे कान रांजणाशीच सांडले म्हणायचे.” आणि मग, “कशामुळं केलं असं? काही बोलल्या?”

मी सांगितलं. पण माझ्या तोंडून ते पुस्तकासारखं आलं, की एवढ्या मोठ्या माणसाच्या हातात अस्वच्छ वस्तू देणं त्यांना योग्य वाटलं नाही.

“असं कुणी बोलत नाही. त्यांच्या शब्दांत सांगा.”

मी पुन्हा प्रयत्न केला. “पारोशा तोंडाची घान द्यायची का येवढ्या मोठ्या मानसाच्या हातात. आमाला काय रीत न्हाई का.”

त्यांनी डोळे मिटले होते. “कोण म्हणालं?”

“गयाबाई.”

“पुन्हा सांगा.”

मी पुन्हा सांगितलं. माझा आवाज त्या खोलीत इतका कधीच झाला नव्हता.

“बरं,” ते म्हणाले. उठले, खुर्चीची पाठ सरळ केली, आणि पुढच्या पेशंटला आत घेतलं. त्या दिवशी त्या पेशंटच्या उघड्या तोंडाशी ते एक अक्षरही बोलले नाहीत. पुढच्याशीही नाही. पडद्याअलीकडे मला फक्त हत्यारं ट्रेमध्ये ठेवल्याचा आवाज यायचा.

दोन महिन्यांनी माझं लग्न ठरलं. डॉक्टर लग्नाला आले, अक्षता टाकल्या आणि जेवणाच्या आधी निघाले. त्यांना कुणी थांबवलं नाही. मी स्टेजवरून पाहत होते. मीही नाही.

पुढे तिसऱ्या वर्षी मी बाळंतपणासाठी धारूरला आले. सातवा महिना होता. सकाळी दात घासताना रक्त यायचं आणि हिरड्या सुजल्या होत्या. दुखत काही नव्हतं. आई म्हणाली, असं होतंच. एक दिवस दुपारी मी कुणाला न सांगता दवाखान्यात गेले.

पेठेतल्या दुकानांच्या डोक्यावरून केबलच्या वायरी गेल्या होत्या. दवाखाना तसाच होता. माझ्या टेबलावर जुनी वर्तमानपत्रं रचली होती. तिथे कुणी बसत नव्हतं. डॉक्टर पडद्याबाहेर आले. केस पांढरे झालेले, बाह्यांची बटणं लावलेली. “बसा,” म्हणाले. कुठं दुखतं हे त्यांनी विचारलं नाही. मी बोलायच्या आधीच त्यांनी माझ्या हिरड्यांकडे पाहिलं होतं.

मी खुर्चीत आडवी झाले. कापूस आला. जिभेवर आरसा टेकला. आणि त्यांचा आवाज सुरू झाला.

“आई मागच्या वर्षी गेली, ताई. झोपेतच गेली. मुलगी आता मेडिकलला आहे, मुंबईला. मी गेलो होतो तिच्याकडे. तिच्या मैत्रिणी म्हणाल्या, काका, बसा. बसलो थोडा वेळ.” आरसा डाव्या बाजूला गेला. “तुमच्यावर मी रागावलो होतो. बरेच दिवस. एक शब्द बोलल्या असत्या तुम्ही पहिल्या बाजारी, तर दुसऱ्या बाजारापासून नीट झालं असतं. सर तेव्हा होते.” माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते त्यांना दिसत असणार, त्यांचा चेहरा वीतभर अंतरावर होता. “मग मी विचार केला, तुम्ही सांगितलं असतं तर मी काय केलं असतं? मागं जाऊन गयाबाईंच्या हातातला तांब्या काढून घेतला असता. म्हणालो असतो, मला घाणच पाहिजे. आणि त्यांचं ते वाक्य मला कधी कळलंच नसतं. याच्यातलं कुठलं बरं, हे मला अजून ठरवता येत नाही. कधी हे वाटतं, कधी ते. रात्रीचं जेवताना तर दोन्ही वाटतं.” आरसा उजव्या बाजूला आला. “मी परत सुरू केलंय. या वेळी चूळ भरू देतो, साध्या पाण्यानं. मग तासभर बाकावर बसवून ठेवतो. त्यांची रीतही राहते, माझंही काम होतं. साधी गोष्ट. तेव्हा सुचली नाही.”

त्यांनी कापूस काढला. मला खूप बोलायचं होतं. तीन वर्षं मी ते मनात जुळवत होते.

“चूळ भरा,” ते म्हणाले, आणि पाठ फिरवून आरसा पुसू लागले.

मी चूळ भरली. पाण्यात रक्ताचे धागे होते. “मोजणार कोण, डॉक्टर?” मला एवढंच विचारता आलं.

“ते नंतर बघू,” ते पाठमोरेच म्हणाले. “आधी असायला तर पाहिजे.” त्यांनी फ्रिज उघडला. दाराच्या कप्प्यात औषधं होती, बाकी सगळ्या फळ्यांवर बाटल्या. नंबर त्यांच्या हाताने घातलेले, थोडे तिरपे. वरच्या फळीवर एका कोपऱ्यात एक जुनी बाटली होती, तिच्यावर माझ्या अक्षरात एकचा आकडा. पुण्याहून ती त्यांनी परत मागवली असावी.

“गरोदरपणात हिरडी अशी होते,” ते म्हणाले. “घाबरायचं कारण नाही. मऊ ब्रश वापरा. नंतर उतरेल.” मग फ्रिजच्या दाराला हात तसाच ठेवून ते थांबले. “तास आहे का तुमच्याजवळ?”

घरी आई वाट बघत असणार होती. मोरीत गरम पाण्याची बादली भरलेली असणार होती.

“आहे,” मी म्हटलं.

मी बाकावर बसले. दुपारी पेशंट नसायचेच. डॉक्टर बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले, हात मांडीवर ठेवून, एसटीत बसले असतील तसे. आता माझं तोंड मोकळं होतं, तेव्हा ते बोलणार नाहीत हे मला माहीत होतं, आणि मला तर सुरुवात कधीच करता आली नाही. समोरच्या पानपट्टीवर पुड्यांच्या माळा वाऱ्याने हलत होत्या. लाइट गेले. लाइट आले. पोटात बाळ एकदा फिरलं. मला वाटलं, सरूबाई असत्या तर फरशीवर बसल्या असत्या.

तास झाला तेव्हा त्यांनी घड्याळ न बघताच बाटली उघडून माझ्या हातात दिली आणि तोंड फिरवून उभे राहिले. एवढ्या बाटल्यांवर मी नंबर घातले होते, पण थुंकायला इतकी लाज वाटते हे मला ठाऊक नव्हतं. हनुवटीवर ओघळ आला. मी तो पदराने पुसला.

डॉक्टरांनी बाटली उघड्या हाताने घेतली. झाकण लावलं, खिडकीशी गेले आणि उजेडाकडे धरून बराच वेळ बघत राहिले.

“गढूळ आहे,” ते म्हणाले. “छान आहे.”